बावतीस मास्तरांचा रोमन

"छापायचं ते सगळं छापा," जोकीम वकील म्हणाले, "पण प्रत्येक वाक्याखाली आधार पाहिजे. कुठलं पुस्तक, कुठला खंड, कुठलं प्रकरण. त्याशिवाय एक ओळ छापखान्यात जाणार नाही."

आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. बावतीस मास्तरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांनी सत्कार करायचा, स्मरणिका काढायची असा बेत केला होता. आमच्या वसईत सत्कार म्हटला की बँड, हार आणि जेवण यांवर कुणाचं दुमत होत नाही. घोडं अडलं होतं ते स्मरणिकेच्या मधल्या पानांवर. तिथे मास्तरांची अवतरणं छापायची होती.

मास्तर आम्हाला इतिहास शिकवायचे. शाळा मराठी, पोरं सगळी केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांतली, आणि मास्तरांचा जीव मात्र एका प्राचीन रोमन इतिहासकारावर. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. बिचाऱ्याच्या नावावर आमच्या गावाने आधीच पुष्कळ खपवलं आहे, त्यात माझी भर नको. रोज पहिल्या तासाला मास्तर त्याचं एक वाक्य मराठीत करून फळ्यावर लिहायचे, हाताचा खडू झटकायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "कोण म्हणतं?" मग अख्खा वर्ग एका सुरात त्या रोमनाचं नाव घ्यायचा. वाक्य कुणाचं हे ठाऊक नसेल तर ते तोंडात घालायचं नाही, असा मास्तरांचा नियम होता. दुसऱ्याचं बोलणं वापरताना त्याचं नाव गिळणारा माणूस त्यांना केळी चोरणाऱ्यापेक्षा वाईट वाटे.

पोरं मोठी झाली, त्यांच्याबरोबर तो रोमनही मोठा झाला. बांधाच्या भांडणात, लग्नाच्या भाषणात, सोसायटीच्या निवडणुकीत कुणीतरी उठून त्याचा हवाला द्यायचंच. "दोन शेजाऱ्यांचं युद्ध कुंपणापाशी सुरू होतं आणि कुंपणापाशीच मिटतं." "हरलेला सेनापती पहिल्यांदा स्वयंपाक्यावर चिडतो." गावात लॅटिनचा गंध नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा त्याला ओळखीच्या माणसासारखं एकेरीत बोलवायच्या.

सगळ्यात गाजलेलं वाक्य मात्र जोकीम वकिलांचं होतं. म्हणजे ते त्यांनी गाजवलं होतं. "द्राक्षवेलीला वादळ पाडत नाही, तिला तिचाच घड पाडतो." जोकीम परेरा वसईच्या कोर्टातले नावाजलेले वकील. ते बोलायला उभे राहिले की समोरचा वकील घोटभर पाणी पिऊन घेतो असं लोक म्हणत. लहानपणी ते तोतरे होते हे नव्या पोरांना सांगून पटलं नसतं. त्यांचं एकही भाषण या वाक्यावाचून संपत नसे. आणि तिथेच गेल्या महिन्यात ठेच लागली होती. ठाण्याच्या एका व्याख्यानात मागच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, मी हा इतिहासकार दोनदा वाचला आहे, मला हे वाक्य कुठे भेटलं नाही. आपण कुठे वाचलंत? आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागणाऱ्या माणसाला सभेत गप्प बसावं लागलं.

"हे मास्तरांच्या कानावर जाता कामा नये," वकील आम्हाला म्हणाले. "उद्या कुणी म्हणेल, बावतीस मास्तरांनी पोरांना खोटं शिकवलं. ते मी ऐकून घेणार नाही. आधार शोधायचा आणि त्या प्राध्यापकांच्या हातात पहिली स्मरणिका द्यायची."

शोधायचं कुणी, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी धर्मगुरू व्हायला निघालो होतो, बरीच वर्षं लॅटिन घोकलं, आणि अगदी काठावर आल्यावर परत फिरून फिलोमिनाशी लग्न केलं. तेव्हापासून गाव मला अर्धा फादर म्हणतं. अर्ध्या फादरला मिस्सा म्हणता येत नाही, पापं ऐकता येत नाहीत, पण कबरीवरच्या दगडावर लॅटिन अक्षरं दिसली की बोलावणं त्यालाच येतं.

मला वाटलं होतं, आठवड्याचं काम. बँकेतून सुटलो की संध्याकाळी वाचायचो आणि शनिवारी माझ्या जुन्या गुरूंच्या मठात जाऊन तिथल्या ग्रंथालयात बसायचो. त्या फादरांनी माझं लग्न माफ केलं होतं, लॅटिनच्या चुका माफ केल्या नव्हत्या. त्यांनी मला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. जुन्या माणसाचं खरं वाक्य सहसा एकटं राहत नाही. त्याच्या मागेपुढे एखादी लढाई असते, दुष्काळ असतो, कुणा सेनापतीचं नाव असतं, आणि तुम्हाला हवं ते वाक्य त्या गर्दीत अर्धवट वाकलेलं असतं. जे वाक्य सुटं, गुळगुळीत आणि भाषणात बसवायला अगदी सोयीचं असतं, त्याच्याकडे आधी संशयाने बघायचं.

मी मास्तरांच्या रोमनाचे सगळे खंड वाचले. वाक्यं हिंडतात, एकाचं दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसतं, म्हणून त्याच्या आधीचे आणि नंतरचे इतिहासकारही चाळले. पुढच्या काळात लोकांनी केलेले वेच्यांचे संग्रह पाहिले. दोन वाक्यं सापडली, खरीखुरी, खंड-प्रकरणासकट. त्या दिवशी मी इतका खूश झालो की येताना फिलोमिनासाठी मोगऱ्याची वेणी घेतली. म्हणजे मास्तरांनी तो माणूस खरोखर वाचला होता.

पण बाकीची डझनभर वाक्यं कुठेच नव्हती. द्राक्षवेल तर नव्हतीच नव्हती. तिच्यात आणखी एक अडचण होती. मास्तर ते वाक्य रोमन साम्राज्य का कोसळलं याबद्दलचं म्हणून सांगायचे, आणि तो इतिहासकार लिहीत होता तेव्हा ते साम्राज्य चांगलं धडधाकट उभं होतं. कोसळायला अजून काही शतकं होती.

शेवटी मी मास्तरांकडेच गेलो. ठाण्याचं काही बोललो नाही. स्मरणिकेसाठी जोकीम वकिलांना आधार हवेत एवढंच म्हटलं. मास्तर पडवीत आरामखुर्चीत बसले होते. अंगात पांढरा सदरा, मांडीवर मांजर. सेसिलबाई, म्हणजे त्यांची बायको, आत पिठाचे गोल फुगे तळत होत्या.

मास्तर म्हणाले, पुढच्या खंडात बघ. मी म्हटलं, बघितलं. मग म्हणाले, भाषांतरात गळलं असेल. मी म्हटलं, मी भाषांतर वाचत नाहीये, मूळ वाचतोय. मास्तरांनी मांजराच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला.

"त्याच्या ग्रंथाचा बराच भाग काळाच्या ओघात हरवलाय, ठाऊक आहे ना तुला?" ते म्हणाले. "त्या भागात असेल."

"हरवलेला भाग तुम्ही कुठे वाचलात, सर?"

आत झारा थांबला. मग सेसिलबाईंचं हसू ऐकू आलं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला फुगे खाऊन जायला सांगितलं, आणि मी खात असताना पूर्ण वेळ माझ्या मुलांबद्दल विचारत राहिले. निघताना म्हणाले, "मिंगेल, बाकीची हवी तर गाळा. द्राक्षवेलीचं तेवढं ठेवा. तिला कुठला तरी खंड लिहून टाक. कोण बघतंय?"

मी घरी आलो तो सुन्न होऊन. ज्या माणसाने आम्हाला नाव घेतल्याशिवाय वाक्य उच्चारू दिलं नाही, तो मला खोटा आधार लिहायला सांगत होता. मला राग आला नाही. मला त्यांची काळजी वाटली. बघणारे जोकीम वकील होते, आणि ते तो खंड मागवून घेऊन पानावर बोट ठेवल्याशिवाय राहणार नव्हते.

उत्तर मिळालं ते आमच्या वाडीत. रविवारी सकाळी मी केळींना टेकू देत होतो. ज्यांनी घड धरला होता त्या केळी पुढे झुकल्या होत्या. आमच्याकडे त्या घडाला लोंगर म्हणतात. लोंगर भरत चालला की केळीचं खोड त्याच्या ओझ्याने वाकतं, आणि वेळेवर बांबू लावला नाही तर वारा नसतानाही ती आडवी होते. बिनलोंगराची केळ पावसाळाभर डुलत उभी राहते. मी एका केळीला बांबू लावला, दोरी आवळली, आणि हात तसाच दोरीवर राहिला.

द्राक्षवेल घडाने पडत नाही. शिक्षणातलं एक वर्ष मी नाशिकजवळच्या एका मठात काढलं होतं, तिथे द्राक्षाचा मळा होता. वेल पहिल्यापासून मांडवावर असते. घड लोंबतात आणि ती निवांत असते. त्या वाक्यातली वेल द्राक्षाची नव्हतीच. ती केळ होती. ज्याने ते म्हटलं त्याने रोम पाहिलं नसेल, पण आमच्यासारखी वाडी नक्की पाहिली होती.

तसाच चिखलाच्या पायांनी मास्तरांकडे गेलो.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या रोमनाची केळीची बाग होती का हो?"

मास्तरांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सेसिलबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगून टाका आता. अर्धा का होईना, फादर आहे."

मग मास्तरांनी सांगितलं. हळूहळू, एकेक आठवत. बहुतेक वाक्यं त्यांच्या विद्यार्थ्यांची होती. कुंपणाचं वाक्य एका मुलीने आपल्या घरच्या भांडणावर म्हटलेलं. कुणाचं सहलीत, कुणाचं परीक्षेच्या पेपरात, चुकलेल्या उत्तराच्या शेवटी. मास्तर ते वाक्य न्यायचे, त्याला रोमन कपडे चढवायचे, आणि दोन दिवसांनी फळ्यावर लिहायचे.

"आणि हरलेला सेनापती स्वयंपाक्यावर चिडतो, ते?"

"ते माझं," सेसिलबाई म्हणाल्या. "बाहेर हरून आलेला माणूस घरी मिठाला नावं ठेवतो, असं म्हटलं होतं मी. हे शाळेत हेडमास्तरांशी भांडून आले होते त्या दिवशी. चार दिवसांनी पोरं माझंच वाक्य मला रोमचं म्हणून ऐकवायला लागली."

मी हसलो. मास्तर या वेळीही हसले नाहीत. मी विचारलं, केळीचं कुणाचं? त्यांनी नाव विचारू नकोस असं म्हटलं, आणि मग थोड्या वेळाने आपणच सांगितलं.

"जोकीमचं."

सहावीचा वर्ग होता. मास्तरांनी विचारलं होतं, एवढं मोठं साम्राज्य कशाने कोसळलं? पुढच्या बाकांवरच्या हुशार पोरांनी उत्तरेकडून हल्ले करणाऱ्या टोळ्यांची नावं घेतली. मागच्या बाकावरचा जोकीम कधी तोंड उघडत नसे; एक वाक्य पुरं करायला त्याला इतरांच्या दसपट वेळ लागायचा. त्या दिवशी तो उभा राहिला आणि अडखळत आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "केळ वाऱ्यान् नाय पडत, सर. लोंगरान् पडते." वर्ग हसत सुटला. रोमच्या साम्राज्याला केळ म्हणतो. पुढे कित्येक दिवस पोरं त्याला केळ्या म्हणत होती.

"दुसऱ्या दिवशी मी ते द्राक्षवेल करून लिहिलं," मास्तर म्हणाले. "तास संपल्यावर जोकीम टेबलापाशी आला. मला वाटलं, याने ओळखलं. तो म्हणाला, सर, त्या माणसालापण माझ्यासारखंच सुचलं? त्याचे डोळे बघायला हवे होतेस तू. एकदाही न अडखळता बोलला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्यानंतर तो वर्गात बोलायला लागला, मिंगेल. आता तो आधार मागतोय. त्याचं वाक्य रोममध्ये कुणीच म्हटलं नव्हतं, हे त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू?"

आता खोटा खंड लिहिणं जमणार नव्हतं आणि खरं सांगणंही. मास्तरांना आपल्या नावाची पर्वा नव्हती. त्यांना जोकीमच्या रोमनाची पर्वा होती.

दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी वकिलांनी निरोप पाठवला, छापखाना थांबलाय. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो आणि निम्मं खरं बोललो. म्हटलं, दोन वाक्यांना आधार मिळाला, बाकीच्यांना नाही. द्राक्षवेलीला नाही.

चर्चची घंटा झाली, वकिलांनी क्रूसाची खूण केली, मी केली. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सहावीत असताना आपण वर्गात केळीचं काहीतरी बोललो होतो, पोरं हसली होती. घरी जाऊन आईला सांगितलं की मी शाळेत पुन्हा जाणार नाही. आई म्हणाली उद्याचा दिवस जा, मग बघू.

"दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर ते लिहिलं," वकील म्हणाले. "तंतोतंत माझंच. केळीच्या जागी द्राक्ष. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला कळलं की दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये एक माणूस होता, त्याचं डोकं माझ्यासारखं चालायचं. आणि त्याला कुणी हसत नव्हतं. मी कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलो ना, तेव्हा मागे तो उभा आहे असं समजून बोललो. अजून तसाच बोलतो. म्हणून म्हणतो, नीट बघ. असणार तो कुठेतरी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतका कसलेला वकील; घटना, वेळ, साक्षीदार, सगळं त्यांनी स्वतःच माझ्यापुढे मांडलं होतं, आणि निष्कर्ष तेवढा काढला नव्हता. तीस-पस्तीस वर्षं काढला नव्हता. प्रेमात माणूस उलटतपासणी घेत नाही हेच खरं.

मास्तरांना मी गप्प राहायचं वचन दिलं नव्हतं. तरी सांगायची हिंमत होईना. मी फक्त विचारलं, "दुसऱ्याच दिवशी लिहिलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"एवढ्या जाडजूड ग्रंथातून, नेमकं तेच वाक्य?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं. ते उठले. घरातले कपडे, पायात काही नाही, तसेच निघाले. मास्तरांचं घर तीन वाड्या पलीकडे. मी त्यांच्या मागे गेलो.

मास्तर पडवीतच होते. वकील पायरीखाली उभे राहिले. वर चढले नाहीत.

"स... स..." त्यांच्या ओठांवर शब्द अडकला. मी मोठा झाल्यापासून त्यांना अडखळताना पाहिलं नव्हतं. "स... सर. तो नव्हता?"

मास्तरांनी मांजर खाली ठेवलं. खुर्चीच्या हातांना धरून उठले.

"रोममध्ये नव्हता," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही... म... माझ्यावर दया केलीत."

"नाही रे." मास्तरांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "तू बोललास तेव्हा वर्ग हसला, आठवतं ना? त्यात मीपण हसलो होतो. फळ्याकडे तोंड करून हसलो, म्हणून तुला दिसलं नाही. घरी येताना एका वाडीत केळ आडवी झालेली पाहिली. वारा नव्हता. तेव्हा कळलं, एवढे ग्रंथ वाचून मला जे सांगता येत नव्हतं ते तू सांगून बसला होतास. दुसऱ्या दिवशी तुझं नाव घेऊन लिहिलं असतं तर पोरं आणखी हसली असती. रोमन माणसाला कोण हसणार? म्हणून त्याला दिलं. तुझ्याकडून घेतलं आणि त्याला दिलं. ते परत करायचं राहून गेलं, जोकीम."

वकील पायरीवर बसले. डोकं हातात धरून बसले. सेसिलबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो त्यांच्याजवळ ठेवला आणि शेजारी टेकल्या.

"त्यांनी माझं पण घेतलंय," त्या म्हणाल्या. "मी कधीची मागतेय."

आधी वकिलांचे खांदे हलले तेव्हा मला वाटलं रडताहेत. रडत होतेच, पण हसतही होते. मास्तर भिंतीला धरत पायऱ्या उतरले आणि दुसऱ्या बाजूला बसले. त्या एका पायरीवर तिघं दाटीने बसलेले. मी अंगणात उभा होतो, कुणी मला बस म्हटलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. वकिलांनी स्मरणिका पुन्हा हातात घेतली आणि मास्तरांना समोर बसवून त्यांची साक्ष काढली. हे कुणाचं? कुठल्या इयत्तेत? आठवत नाही म्हणून चालणार नाही. मास्तर आठवत गेले, मी लिहीत गेलो. कुंपणाचं वाक्य जिचं निघालं ती इनास आता आजी झाली होती, नाळे गावच्या बाजारात फुलं विकत होती. तिला सांगायला मी गेलो तर म्हणाली, मी तर ते रोमनाचं म्हणून सुनांना ऐकवते. तुझंच आहे म्हटल्यावर तिने मला चाफ्याची फुलं दिली आणि पैसे घेतले नाहीत. ज्या दोन वाक्यांना खरा आधार होता ती रोमनाला ठेवली. त्याचं त्याला मिळालंच पाहिजे, असं मास्तरांनी बजावलं होतं.

सत्काराला हॉल गच्च भरला. बँड वाजला, हार झाले. ठाण्याचे प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. वकील स्वतः गाडी घेऊन त्यांना आणायला गेले होते. मास्तर व्यासपीठावर शाल पांघरून बसले होते, आणि सेसिलबाई त्यांची शाल सारखी नीट करत होत्या.

वकील बोलायला उठले. मला त्यांच्याबद्दल धाकधूक वाटत होती. त्या संध्याकाळनंतर त्यांचं बोलणं मधूनच अडखळायला लागलं होतं. कोर्टात लोकांच्या लक्षात आलं होतं. मागे उभा राहणारा माणूस निघून गेला होता, आणि त्याची जागा अजून रिकामी होती.

त्यांनी भाषण लिहून आणलं नव्हतं. माइकपाशी जाऊन जरा थांबले आणि आमच्या घरच्या बोलीत, सावकाश म्हणाले, "केळ वाऱ्यान् नाय पडत. ल... लोंगरान् पडते."

हॉलमध्ये हसू पसरलं. एवढे मोठे वकील, आणि सुरुवात केळीने. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. वकील थांबून राहिले. त्यांनी ते हसणं पुरतं संपू दिलं.

तेवढ्यात व्यासपीठावरून मास्तरांचा आवाज आला. त्यांच्या पुढ्यात माइक नव्हता, पण तो आवाज आम्हा सगळ्यांच्या कानांत लहानपणापासून बसलेला होता.

"कोण म्हणतं?"

अख्ख्या हॉलने सवयीने श्वास घेतला. केस पिकलेले, टक्कल पडलेले, मांडीवर नातवंडं घेतलेले, सगळे त्या रोमनाचं नाव घ्यायला एका सुरात तोंड उघडणार होते. जोकीम वकिलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग मास्तरांकडे वळले, आणि पाठीमागे कुणाचाही आधार नसताना, एकदाही न अडखळता म्हणाले,

"मी म्हणतो, सर."